अळणी पान

बाबा, परवा पितृपक्षातला तुमचा महाळ झाला. हे कागद कुठे पोचणार नाहीत, ठाऊक आहे. तरी लिहायला बसले.

लालबागच्या खोलीत शेवटचे कित्येक महिने तुम्ही खाटेवर होता. पाय सुजलेले, मूत्रपिंडं निकामी होत चाललेली, डॉक्टरांनी मीठ साफ तोडलेलं. घरात सगळ्यांचंच अळणी शिजे. तुमची पाठ वळली की आम्ही वरून मीठ घ्यायचो. खालून संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जात, 'झालाच पाहिजे' गॅलरीतून आत येई, गिरणीतले तुमचे सोबती वर बघून हात करीत. त्यांच्यात नाही याचं तुम्हाला दुःख होतं, पण त्याहून जास्त अळणी कालवणाचं होतं, कबूल करा. एकदा आईच्या अंगावर ताट भिरकावलंत. ती जमीन पुसत बसली. मला त्याचा अजून राग येतो.

मी इंटर सायन्सला. एका संध्याकाळी तुमच्यापाशी बसून मोठ्याने अभ्यास करतेय. सोडियम आणि पोटॅशियम तक्त्यात एकाच उभ्या ओळीतले. आतली कवचं कमीजास्त, पण सर्वांत बाहेरच्या कवचात दोघांचाही एकेकच इलेक्ट्रॉन. देवघेव होते ती त्या बाहेरच्याचीच, म्हणून पाण्यात पडताच दोघंही उसळतात, आणि क्लोरीनला तो देऊन टाकला की दोघांचंही मीठ बनतं. तुम्ही डोळे उघडता.

"म्हणजे आत बिऱ्हाड केवढाय असांदे, दारात उभो तो एकटोच?"

"हो."

"मगे ता दुसरा मीठ हाड गो. कॉलेजात असतला मां?"

पोटॅशियमचं ते मीठ आणायला सांगताना तुमचा चेहरा कधी नव्हे तो खुलला होता. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं.

"चव येईल, जरा कडवट," ते म्हणाले. "पण पोटॅशियम शरीराबाहेर टाकतात ती मूत्रपिंडंच. वडिलांच्या रक्तात ते साठेल आणि हृदय बंद पडेल. हातही लावू नकोस."

मी रिकाम्या हाताने आले आणि तुम्हाला सगळं सांगितलं.

"मगे एका ओळीत बसवलास कित्याक?" एवढं म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. बाहेरचा इलेक्ट्रॉन सारखा असला तरी अणू लहानमोठे असतात, शरीराला तो फरक कळतो, हे तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. महाराष्ट्र व्हायच्या आधीच गेलात, अळणी पेज पिऊन.

बाराव्याला आईने वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं, तुमच्या आवडीचं. कावळा शिवेपर्यंत चाखायचं नाही, हा आपल्याकडचा नेम. कावळा लगेच शिवला. मग आम्ही जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला सगळे थांबले. इतक्या महिन्यांच्या सवयीने आईचा हात मिठाच्या बरणीकडे गेलाच नव्हता. पदर तोंडात कोंबून ती रडली.

आता स्वयंपाक मी करते. तुमचं पान बाहेर ठेवण्याआधी दाराआड जाते, सांबाऱ्यात बोट बुडवते आणि चाखते. दर महाळाला तुम्हाला माझं उष्टं वाढते, बाबा. परवाही वाढलं. मीठ बरोबर होतं.