शेंटउर्बानची पाटी

लेस्टर

ती. सासूबाई,

आमच्या केअर होममधल्या मारियाआजींचं गाव स्लोव्हेनियात, द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर, जेमतेम तीस घरांचं. वरच्या चर्चच्या संतावरून त्याचं नाव शेंटउर्बान, म्हणजे संत उर्बान. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट सरकारला संत नकोसे झाले आणि पाटीवर दुसरंच नाव आलं. गावात कुणीही ते तोंडात घेतलं नाही. चाळीस वर्षांनी सरकारनेच हात टेकले, जुनं नाव परत लावलं. काय चिवट माणसं!

लग्नात तुम्ही निवडलेलं नाव यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, आणि मी त्याच दिवसापासून 'सीमा'ला ओ देऊ लागले.

आज आजींनी माझं आधीचं नाव विचारलं. किती वर्षांनी मी ते मोठ्याने उच्चारलं.

हे पत्र टाकायचा धीर नाही. सही मात्र केली आहे.

तुमची सून,
हेमांगी