अहमदाबादची लाइन लागत नव्हती

ती. अप्पा,

काल आपल्याकडे फोन बसला. हो, आपल्या घरात! भाईंदरला नवघरच्या आपल्या दोन खोल्यांत, टीव्हीच्या शेजारच्या स्टुलावर, आईने विणलेल्या रुमालावर. लाल रंगाचा आहे. लाइनमनने कागद पुढे केला आणि विचारलं, "वसंत मोहिते कोण? सही लागेल." आई माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "ते गेले हो. गेल्या वर्षी." तो बिचारा ओशाळला. "मग तुम्ही करा ताई," म्हणाला. मी सही केली.

केवढी वाट बघितलीत तुम्ही या फोनची! दर महिन्याला एक्स्चेंजमध्ये जाऊन यादीत आपला नंबर कुठे आलाय ते बघून यायचात. आणि आला कधी, तर तुम्ही नसताना. तुमच्या खात्यात अशा उशिरा आलेल्या टपालाला काय म्हणायचे, मला आठवत नाही.

पण मी लिहायला बसलेय ते फोन आला हे कळवायला नाही. लाइनमन गेल्यावर आईने चहा टाकला, आणि चहा पिता पिता मला एक गोष्ट सांगितली. काल मी मीरा रोडला घरी परत गेलेच नाही, इथेच राहिले. ह्यांना निरोप धाडला आणि आज ऑफिसला दांडी मारली. आईने काय सांगितलं ते येईलच पुढे. आधी मला माझं कबूल करू द्या. अप्पा, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. एकदाच, पण ते मी सहा वर्षं चालवलं.

तो विमानाचा दिवस आठवतोय ना? विसराल कसे! आपल्या अख्ख्या खानदानात पहिल्यांदा कोणी विमानात बसलं होतं. कंपनीने मला आणि मधुराला कॉम्प्युटर शिकायला दहा दिवस दिल्लीला धाडलं होतं, आणि येताना विमानाचं तिकीट दिलं होतं. तुमचं सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं होतं. खालच्या जसुबेनना तर दोनदा. "सकाळी नऊला उतरणार, मी सांताक्रूझला आणायला जाणार." मी दिल्लीहून पत्र टाकून कळवलं होतं, येऊ नका, मी येईन आपली आपण. पण टपालखात्यात तीस वर्षं पत्रं गावांप्रमाणे लावत आलेला माणूस मुलीच्या पत्रातलं नेमकं तेवढं वाक्य वाचत नाही!

आता ऐका. त्या दहा दिवसांत मी मधुराला सांगितलं होतं की मी दादरला राहते.

का? मला तरी कुठे धड माहितीये! ती पार्ल्याची, दुसऱ्या डिपार्टमेंटची, तोवर नुसती तोंडओळख. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तू कुठली गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादर." आपण दादर सोडून तीन वर्षं झाली होती, पण तोंड अजून तिथेच राहत होतं. भाईंदर म्हटलं की तेव्हा लोक भुवया वर करायचे ना, "बाप रे, तिकडे? पाणी येतं का तिकडे?" त्या भुवया मला नको होत्या. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी, अप्पा!

तर आमचं विमान मुंबईवर आलं आणि घिरट्या घालायला लागलं. आमच्या पुढे उतरलेल्या विमानाचं चाक फुटून ते धावपट्टीवरच बसलं होतं म्हणे. कॅप्टनने इंग्रजीत काहीतरी सांगितलं, मग हिंदीत, की आता आपण अहमदाबादला जातोय. विमानात हा गोंधळ! एक मारवाडी काका उठून हवाईसुंदरीला म्हणाले, "अरे बहनजी, मेरा आदमी गाडी लेके नीचे खड़ा है, उसको कौन बोलेगा?" एक बाई रडायलाच लागल्या. मला एकच सुचत होतं, की खाली तुम्ही उभे आहात.

विमान उत्तरेकडे वळलं. मी खिडकीशी होते. खाली खाडी दिसली, खाडीवरचा रेल्वेचा पूल दिसला, आणि अलीकडे पांढरे-पांढरे चौकोन. मधुरा माझ्या अंगावरून वाकून म्हणाली, "ए, ते काय गं?"

आपली मिठागरं होती ती, अप्पा. तिथून आपली बिल्डिंग दहा मिनिटांवर. वरून इतकी छान दिसतात, तुम्हाला दाखवायला हवी होती. आणि मी म्हटलं, "काय माहीत बाई."

अहमदाबादला आम्हाला एका हॉलमध्ये बसवलं. सरबत दिलं, मग जेवण दिलं. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती! पिकनिकच झाली होती. आमच्याच ऑफिसचे एक साहेब दिल्लीहून बरोबर येत होते, त्यांनी पत्ते काढले. मग विमान कंपनीचा माणूस एक रजिस्टर घेऊन आला. प्रत्येकाला घरी एक फोन करता येईल, नाव आणि नंबर लिहा, टेबलावर फोन आहे, लाइन तो लावून देणार. सगळे रांगेत. मधुराने आईला फोन केला, लाडात बोलली. मग माझा नंबर आला.

आपला फोन कुठला होता? जसुबेनचा पीपी, शेजारणीचा, हाक मारून बोलावण्यापुरता. म्हणजे मला त्या टेबलापाशी, साहेबांसमोर, मधुरासमोर, ओरडून बोलावं लागलं असतं. "जसुबेन, मैं शैला बोलती हूँ, ऊपरवाली! मेरे पप्पा को... नहीं, पप्पा एअरपोर्ट पे है, मम्मी को बुलाओ ना जरा!" मग जसुबेन जिन्यात जाऊन हाका मारणार, "वहिनी, ओ वहिनी, शैलानो फोन छे!" आणि तोवर मी रिसीव्हर धरून उभी. आणि नंबरसुद्धा दादरचा नाही! मधुरा बाजूलाच होती. त्या माणसाने पेन माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "नको. माझी कोणी वाट बघत नाहीये."

अप्पा, हे वाक्य मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

तो म्हणाला, मग इथे 'नको' लिहून सही करा. मी केली.

संध्याकाळी चारला आम्ही परत मुंबईत. तुम्ही असाल म्हणून मी रेलिंगपाशी सगळीकडे बघितलं, आणि लाज वाटतेय लिहायला, दिसला नाहीत तेव्हा हुश्श झालं. ऑफिसची गाडी आली होती. साहेब म्हणाले, शैलाला दादरला सोडू. काय बोलणार? बसले! दादरला आपल्या जुन्या घरासमोर उतरले, मधुराला टाटा केला, गाडी वळेपर्यंत परक्या बिल्डिंगच्या दारात उभी राहिले, आणि मग बॅग उचलून उलटी भाईंदरला. माझी मलाच कीव आली होती हो तेव्हा. पण अक्कल नाही आली.

घरी पोचले तर आई दारात. "तू? आणि हे कुठेत?"

मग मला सगळं कळलं. तुम्ही विमानतळाबाहेरच्या पिवळ्या बूथवरून जसुबेनकडे तीनदा फोन केलात. दहाला, बाराला, दीडला. "शैलाचा फोन आला का?" तीनही वेळा आई धावत खाली गेली आणि नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "मी अहमदाबादला जाऊन येतो." आई म्हणाली, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? विमान येईल की परत!" आणि तुम्ही म्हणालात, "फोन करता येत असता तर तिने केला नसता असं होईल का? काहीतरी झालंय पोरीला." आणि गेलात. अंगावरच्या कपड्यांनिशी. हातात फक्त माझ्यासाठी आणलेला सांज्याच्या पोळ्यांचा डबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. डोळे लाल, इस्त्रीच्या शर्टाचं फडकं झालेलं. मी काय केलं? पाया पडले? छे! मी तुमच्यावर खेकसले. "कोणी सांगितलं होतं एवढं धावायला? मी काय कुकुलं बाळ आहे? लोक हसतील!" अशी भांडले, की माझी चूक झाकली जावी. तुम्ही डबा ओट्यावर ठेवलात. पोळ्यांना वास यायला लागला होता. एकही खाल्ली नव्हतीत.

आणि मग तुम्हीच म्हणालात, "लाइन लागली नसेल, हो ना?"

मी म्हटलं, "हो ना अप्पा. लागतच नव्हती."

"वाटलंच मला," म्हणालात आणि अंघोळीला गेलात.

त्यानंतर वर्षानुवर्षं तुम्ही तीच गोष्ट सगळ्यांना सांगितलीत. जसुबेनना, बिल्डिंगमधल्या गायकवाडांना, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनासुद्धा. "त्या दिवशी अहमदाबादची लाइनच बंद हो! पोरगी रडकुंडीला आली." मला चिडवायचात, "ही आमची मिससेंट!" कुणी विचारलं मिससेंट म्हणजे काय, की खुलून सांगायचात, पत्र चुकून भलत्या गावाला गेलं की त्यावर तसा शिक्का मारतात आणि पुढे धाडतात. आणि शेवटी न चुकता, "त्यात पत्राचा काही दोष नसतो." मी हसायचे. मनात म्हणायचे, बरं झालं, यांना पटलं.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही फोनचा अर्ज केलात. मला वाटायचं, आईचे गुडघे दुखतात, जिना चढउतार नको, म्हणून.

तर काल आईने चहा ओतला आणि फोनकडे बघत म्हणाली, "आला बाई एकदाचा. तुझ्यासाठीच मागवला होता त्यांनी."

"माझ्यासाठी? मी तर सासरी गेले."

"तेव्हा नव्हतीस ना गेली." मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं गं, शैला."

मला समजेना, कशाबद्दल बोलतेय. मग तिने सांगितलं. तुम्ही अहमदाबादच्या विमानतळावर पोचलात तेव्हा आमचं विमान कधीच निघून गेलेलं. तिथल्या क्लार्कच्या मागे लागलात, माझी मुलगी आजारी होती का, तिने फोन करायचा प्रयत्न केला का, बघा ना. शेवटी त्याने ते रजिस्टर तुमच्यासमोर उघडलं. तुम्ही बोट फिरवत खाली आलात. माझं नाव. पुढे, 'नको'. आणि सही.

सही मराठीतली होती, अप्पा. तुम्हीच गिरवून घेतलेली, पूर्ण नाव, मोहितेंच्या मो ला ठसठशीत मात्रा. गाव लपवलं, घर लपवलं, पण हात आपल्या सवयीने सही करून गेला. तुम्ही ओळखणार नाही तर कोण!

"मला येऊन सांगितलं त्यांनी," आई म्हणाली. "म्हणाले, पोरीला लाज वाटली असेल चारचौघांत पीपी नंबर द्यायची. आपला फोन असता तर केला असता तिने. चूक आपली आहे. तिला काही बोलू नकोस."

चूक आपली! आपली, अप्पा?

म्हणजे ओट्यावर डबा ठेवताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी तुमच्यावर ओरडत होते तेव्हाही. 'लाइन लागली नसेल' हे तुम्ही विचारलंच नव्हतं, तुम्ही मला ते बोलायला दिलं होतं. आणि मी ते कसं पटकन उचललं! मग तेच तुम्ही गावभर सांगत फिरलात, म्हणजे उद्या कुठून दुसरं काही कानावर आलं तरी लोकांनी तुमचंच खरं मानावं.

एवढं सांभाळून का घेतलंत? एक थोबाडीत द्यायचीत ना! एकदा नुसतं म्हणायचंत, "शैला, मी रजिस्टर बघितलंय." मी रडले असते, पाया धरले असते, मोकळी झाले असते. तुम्ही मला तेवढीही संधी दिली नाहीत. राग आलाय मला तुमचा, खरंच आलाय. आणि मग लगेच आठवतं, संधी काय, पाच वर्षं तुम्ही समोर बसला होतात. लग्नापर्यंत तर रोज.

आणि गंमत बघा. ऑफिसात पुढे सगळ्यांना कळलंच, मी भाईंदरची म्हणून. कुणी भुवई वर केली नाही. मधुरा म्हणाली, "अय्या, मग ती मिठागरं तुमचीच की!" बस, एवढंच. एवढ्यासाठी तुम्ही रात्रभर परक्या गावात फिरलात.

काल फोन लागल्यावर अर्ध्या तासात पहिली रिंग वाजली. आई आणि मी दोघी दचकलो. मी उचलला. गायकवाडांच्या गावाकडून, नांदेडहून होता. आपला नंबर एक्स्चेंजमधून आठवड्यापूर्वी कळला, आणि कळल्या कळल्या गायकवाडांनी तो गावी पीपी म्हणून कळवलासुद्धा! "ओ ताई, जरा आमच्या बाबाला हाक मारता का? अर्जंट आहे." आईने गुडघ्यावर हात ठेवला, उठायला. मी म्हटलं, बस तू. आणि अनवाणीच जिन्यात गेले आणि ओरडले, "गायकवाड काका, फोन! नांदेडहून फोन!" इतक्या मोठ्याने, की खालून जसुबेन बाहेर आल्या. "शू थयुं? क्या हुआ?" म्हणाल्या.

मी तिथेच जिन्यात त्यांना सांगून टाकलं. "जसुबेन, उस दिन अहमदाबाद का लाइन चालू था. मैंने ही फोन नहीं किया." त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "अरे पगली, इतना पुराना बात!" पण चूक तुमच्या नावावर राहू नये म्हणून मी एकेकाला सांगणार आहे, अप्पा. गायकवाडांना, सासऱ्यांना, ह्यांना तर आज संध्याकाळीच. लाइन बंद नव्हती. हे वचन समजा.

आणि दुसरं. यापुढे कुठेही अडकले, कितीही लांब, कुणाहीसमोर, तर पहिला फोन या घरी. आई उचलेल, मी ओरडून बोलेन, आणि आधी सांगेन की भाईंदरला बोलतेय.

हे पत्र कुठे टाकू, ते मात्र कळत नाहीये. पत्ता तुम्ही ठेवून गेला नाहीत. तुमच्या त्या अर्जाच्या फाइलीतच ठेवते, फोनच्या स्टुलाखाली. सही तुम्ही शिकवलीत तशीच करतेय, पूर्ण नाव. या सहीआधी आज 'नको' नाही.

तुमची मिससेंट,
शैलजा वसंत मोहिते