पेलिस्टरच्या पांढऱ्या क्रोकसचे सतरा कंद

मी, फिदांका नाउमोव्स्का, कै. अपोस्तोल नाउमोव्स्की यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार गोर्नो व्रेलो, बिटोलाजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, परस आणि परसातला झरा माझी एकुलती मुलगी त्स्वेता हिला मिळावा. तिचा वाढदिवस नऊ मार्चला. नऊ मार्चला मी हमखास कुठल्यातरी डोंगरावर बर्फाच्या कडेला गुडघे टेकून बसलेली असायची. ती म्हणायची, "बाकीच्या आयांना मुलींचे वाढदिवस आठवतात, तुला कुठलं फूल कधी उमललं ते आठवतं." घर देऊन ते भरून येणार नाही. तरी घर तिचंच. अट एकच: कलम ४ पुरं होईपर्यंत झऱ्याचं पाणी वळवू नये.

कलम २. शेजारी ब्लागोये याने १९९७ साली नेलेलं माझं फावडं त्याच्याकडेच राहू द्यावं. त्याचा दांडा मात्र माझ्या वडिलांच्या हातचा आहे, एवढं त्याला सांगावं.

कलम ३. केशराच्याच कुळातल्या, वसंतात फुलणाऱ्या क्रोकसच्या चौसष्ट कुंड्या, कंद वाळवायच्या चाळण्या आणि एकोणपन्नास वर्षांच्या नोंदवह्या माझी जुनी विद्यार्थिनी एल्पिदा हिला द्याव्यात. ती आता बिटोलाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. कुंड्यांमध्ये गालिचित्सा डोंगरावरचा पिवळा आहे, ग्रीसच्या सीमेवरचा जांभळा आहे, आणि पाकळ्यांच्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला तो छोटा सोनेरीही आहे, जो फेब्रुवारीतच डोकं वर काढतो आणि दरवर्षी गारठ्यात मार खातो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "केशर निघत नाही, भाजी होत नाही, बकरीसुद्धा तोंड लावत नाही. मग लावतेस कशाला?" एल्पिदाला हा प्रश्न पडत नाही, म्हणून कुंड्या तिला.

प्रत्येक कुंडीत पत्र्याची पट्टी आहे. कंद कुठला, कधी आणला, कुणी शोधला, हे तिच्यावर कोरलेलं आहे. झऱ्याखालच्या दगडी डोणीतली पट्टी मात्र चाळीस वर्षं कोरी होती. ती का कोरी होती, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. पेलिस्टर डोंगरावर वरच्या अंगाला एक पाणथळ कुरण आहे. तिथला क्रोकस गर्द जांभळा. १९८२ साली वनरक्षक पांदे कुझेव्स्की याला त्यात पांढरी फुलं दिसली. सतराच. तो धावत शाळेत आला आणि भर वर्गात म्हणाला, "बाई, चला! बर्फाचं पिल्लू सापडलंय!" जागा आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

१९८४ च्या जूनमध्ये त्या कुरणातून रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या गेल्या. मी एकटी वर गेले आणि सतराही कंद खणून आणले. वाचवायला, असं मी स्वतःला सांगितलं. ते निम्मंच खरं होतं. मला ते हवे होते. पांदेला विचारलं नाही, कारण तो नको म्हणाला असता. रस्ता पुढे झालाच नाही.

कुरणातले कंद गेल्याचं वनखात्याला कळलं आणि ऑगस्टमध्ये चौकशीला एक अधिकारी आला. शाळेत येऊन आदबीने म्हणाला, "बाई, तुमचा यातला अभ्यास आहे. कुणी नेले असतील?"

मी म्हटलं, "ज्याला जागा माहीत असेल, त्याने."

खोटं एक अक्षर बोलले नाही. पण पांदेच्या हद्दीतली जागा होती, आणि गावाला तेवढं वाक्य पुरलं. पांदेने परदेशी माणसांना कंद विकले, असं आठवड्याभरात लोक त्याच्या तोंडावर बोलू लागले. त्याने स्वतःहून नोकरी सोडली. ऑक्टोबरात तो मेलबर्नला निघाला. आदल्या दिवशी सकाळी तो माझ्या कुंपणापाशी आला. कंद कुणी नेले हे त्याला ठाऊक होतं. जागा जाणणारी दुसरी होती कोण!

"किती राहिलेत?" त्याने विचारलं.

"सहा."

"कोरडे ठेवलेस ना, बाकीच्यांसारखे? हा उन्हाळाभर पाण्यात पाय सोडून बसणारा आहे, बाई. झऱ्याखाली लाव. पाणी वाहतं ठेव, सावली ठेव."

एवढं बोलून तो गेला. तो पहिल्यांदाच माझ्याशी एकेरीत बोलला होता. पुढच्या मे महिन्यात सहाही फुलले. तेव्हा मी त्याला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. २००९ मध्ये तो तिकडेच वारला.

आज डोणीत दोनशे अकरा कंद आहेत. एल्पिदाने रीतसर परवानगी काढून ते सगळे त्याच कुरणात लावावेत. एकही मागे ठेवू नये, एकही कुणाला देऊ नये. पट्टी मी स्वतः कोरली आहे: "शोधणारा आणि वाचवणारा: पांदे कुझेव्स्की. चोरणारी: फिदांका नाउमोव्स्का."

कलम ५. हे कलम मृत्यूनंतरचं नाही. ते अमलात येऊन गेलं आहे.

वरचा मजकूर लिहून झाल्यावर मी तो पांदेची बहीण दोस्ता हिला वाचून दाखवायला गेले. ती समोरच राहते. चाळीस वर्षं ती मला रोज सकाळी नमस्कार करत आली आहे. ती घेवड्याचे दाणे निवडत होती. मी वाचत होते तोवर तिने हात थांबवले नाहीत. मग म्हणाली, "तो गेला तेव्हा तू शिजवलेला गहू घेऊन आली होतीस. त्याच्या आत्म्यासाठी."

"हो."

"मी खाल्ला तो. साखर छान पडली होती, असंही म्हणाले."

तिने एक किडका दाणा बाजूला टाकला. ती पुढे म्हणाली, "आणि हे तू मेल्यावर वाचलं जाणार? तुला तेव्हा लाज कुठून वाटणार? आणि मीच आधी गेले तर? रविवारी चर्चच्या अंगणात वाच. स्वतःच्या तोंडाने."

सोळा मार्चच्या रविवारी मी वाचलं. तीसेक माणसं होती. ब्लागोये मधेच म्हणाला, "जाऊ दे ना म्हातारे, आता कोण राहिलंय?"

दोस्ता म्हणाली, "मी राहिलेय. वाच तू पुढे."

वाचून झालं तेव्हा कुणी जवळ आलं नाही. ज्यांनी पांदेला तोंडावर चोर म्हटलं होतं त्यांतले दोघे तिथेच होते. ते जमिनीकडे बघत उभे राहिले. त्स्वेता स्कोप्येहून आली होती. तिने कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि मला घरी आणलं. वाटेत एवढंच म्हणाली, "मला तू हे आधी सांगायचं होतंस, आई."

कलम ६. माझ्या कबरीवर क्रोकस लावू नयेत. साधं गवत पुरे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असं वकिलांनी बजावलं आहे. दोस्ता साक्षीदार व्हायला तयार झाली, म्हणून तिला काही ठेवता येत नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरंच झालं."

वरील सर्व मजकूर मी दोघा साक्षीदारांसमोर पुन्हा वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली.

गोर्नो व्रेलो, रविवार, २३ मार्च २०२५
फिदांका नाउमोव्स्का

साक्षीदार पहिला: स्पासे गेलेव्स्की, टपाल कार्यालयातून निवृत्त

साक्षीदार दुसरी: दोस्ता मिलेव्स्का, माहेरची कुझेव्स्का. लिहिलंय ते खरं आहे म्हणून सही करते. माफ केलेलं नाही. कंद लावायला वर जातील तेव्हा मला घोड्यावर बसवून न्यावं, जागा मला बघायची आहे.