दम्याचे उंदीर

प्रिय मनस्वी,

फोनवर तू "आजोबा, मी मस्त आहे" म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलोय. अक्षर लावून घे.

म्हशाच्या जत्रेला इथे गावी आलीस तेव्हा ओटीवर बसून तू तुझं काम समजावलंस. काही उंदरांच्या पोटात अंड्याच्या पांढऱ्यातला अंश औषधात मिसळून टोचायचा, मग त्याचाच फवारा हुंगवायचा, की त्यांना दमा लागतो. दुसऱ्यांना टोचायचं काही नाही. घरच्या धुळीत न दिसणारे किडे असतात, त्यांचा अर्क नाकात थेंब थेंब सोडत राहायचा. मग माणसाच्या दम्याच्या जवळ कुठला, ते ताडून बघायचं. तुझी आजी, आमची अंबूबाई, म्हणाली, "आमी उंदरांच्या पाठी मांजर लावतो, नि तू दमा लावतेस? बरी शिकलीस गो!" हसता हसता तुला ठसका लागला, तो लवकर थांबेना.

मी विचारलं, मग जवळचा कुठला? तू म्हणालीस, नाकावाटे आलेला. अंड्याचं फार दिवस देत राहिलं तर पुष्कळ उंदरांना ते सवयीचं होतं, दमा निवतो. धुळीचं तसं होत नाही, छातीतल्या नळ्या आतून जाड होत जातात. तू हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंस. मला मात्र सकाळचं आठवलं. सकाळीच बैलबाजारातून देवळापर्यंत जाताना तू दोनदा खांबाला धरून उभी राहिली होतीस. धूळ आहे, म्हणालीस.

ते किडे अंथरुणात राहतात, एवढं अंबूबाईने बरोबर धरलं. दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या भात उकडायच्या टोपात घातल्या. रंग एकमेकांना लागले, तुझ्या आईच्या लग्नातल्या लुगड्याची गोधडी विरली, तरी ती ढवळतच राहिली. शेजारचा चांगो कुंपणावरून ओरडला, "काकी, जेवायला कवा येऊ?" आणि तू जाईपर्यंत तुझा श्वास खरंच मोकळा झाला. अंबूबाई आळीभर सांगत फिरली, पोरीला आमच्या गोधड्याच बाधत होत्या. मीही मानलं. तू गेल्यावर मात्र आम्हा दोघांना आमच्याच घराची भीती बसली. ज्या गोधड्यांत तुला वाढवलं, त्यांतूनच आम्ही थेंब थेंब हे तुझ्या नाकात सोडलं की काय? आजी अजून उशा उन्हात आपटते आणि मधेच रडते.

पोरी, काल रुचिताचा फोन आला. तुझ्याबरोबर राहते, काम करते, तिने कुणाला न सांगायची शपथ मोडली म्हणून तिच्यावर रागावू नको. ती म्हणाली, गोधड्यांचा काही संबंध नाही. उंदरांचा मूत वाळून हवेत उडतो, तो तुला बाधतोय. अशा कामात कितीजणांना होतं म्हणे. डॉक्टरांनी तुला दिवाळीतच सांगितलंय. इथे बरी झालीस ती तुझे ते पिंजऱ्यातले उंदीर इथे नव्हते म्हणून. आणि त्या दोन दम्यांची तुलना अर्धीच झालीय, सांगितलं तर तुझ्या कामावरच्या मॅडम तुला उंदरांच्या खोलीतून काढतील, म्हणून तू गप्प आहेस. काल तू त्याच खोलीबाहेर जमिनीवर बसली होतीस. रुचिताने फोन तुझ्या तोंडाशी धरला, आजोबांशी बोल म्हणून. शब्द आला नाही, बाळा. नुसती शीळ आली, बारीक, फाटक्या भात्यासारखी. ती माझ्या कानातून जात नाही. अंबूबाईला मी अजून सांगितलेलं नाही. काम सोड असं मी म्हणत नाही, मॅडमना सांग एवढंच म्हणतो. हे पत्र वाचशील त्याच दिवशी सांग. नाही सांगितलंस तर सोमवारी मुरबाडहून पहिल्या एसटीने निघतो आणि तुमच्या फाटकाशी येऊन बसतो. मला इंग्रजी येत नाही. मॅडमसमोर उभा राहून मी ती शीळ काढून दाखवीन.

तुझाच, घाबरलेला,
महिपत आजोबा