गार्डला बांधलेली तार

बाबा, गेल्या आठवड्यात शिरगावच्या एका अर्धवट बंगल्याच्या जिन्यावर मी उभी होते आणि खाली काकांचा डावा हात फिरत्या पात्याकडे जात होता. ते तुम्हाला सांगायचं म्हणून आज बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण तेव्हा लिहिण्यासारखं जे होतं ते चांगलं होतं, आणि चांगलं काय, कुणालाही सांगता येतं.

काका अजून माझ्याबरोबरच काम करतात. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरून ते तुमच्या हाताखाली रंधा मारायला आले आणि तुम्ही असेपर्यंत तुमच्याबरोबरच राहिले. तुम्ही गेल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की मी अवजारांची पेटी विकून टाकीन. काका तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, “बाय, माहीमच्या चौकटी अर्ध्या राह्यल्या हाय. चल.” तेव्हापासून आम्ही दोघं आहोत. दारांच्या चौकटी, खिडक्या, भिंतीच्या तळाशी बसवायच्या लाकडी पट्ट्या, जिन्यांचे कठडे. आता ते सत्तरीला टेकलेत. उजव्या कानानं ऐकू येत नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण पट्टीवरून बोट फिरवून ती कुठे वाकली आहे ते आजही माझ्याआधी सांगतात.

दोन महिन्यांपूर्वी मी बोईसरहून बॅटरीवर चालणारी मायटर मशीन आणली. तुम्ही बघितली असतीत तर आधी हसला असतात. लोखंडी बैठक, त्यावर वरखाली होणारं गोल पातं, बैठकीवर अंश कोरलेले. पंचेचाळीसवर खटका बसवला की दोन पट्ट्यांचा कोपरा असा जुळतो की मध्ये कागद जाऊ नये. शिरगावच्या बंगल्यात वीज अजून आलेली नाही, म्हणून बॅटरीची. दुकानातला माणूस उत्तरेकडचा, बारीक, बोलताना सतत मशीनवर हात ठेवणारा. म्हणाला, “दीदी, बैटरी निकाले बिना ब्लेड को हाथ नहीं लगाना. और ये गार्ड है न, इसको कभी मत छेड़ना.” गार्ड म्हणजे पात्यावरची झाकणी. मशीन वर असताना ती पातं झाकून ठेवते, खाली दाबलं की आपोआप मागे सरकते, वर घेतलं की पुन्हा झाकते. घरी आल्यावर मी बॅटरी काढून बाजूला ठेवली, मशीन पडवीतल्या बाकाला चार बोल्टांनी आवळली आणि तुमचा काटकोन तपासायचा गुण्या घेऊन बसले. पातं आणि मागची आधाराची पट्टी यांच्यात गुण्या धरला तर एका टोकाला केसाएवढा उजेड दिसत होता. पट्टीचे स्क्रू ढिले केले, सरकवली, पुन्हा धरला. उजेड जाईपर्यंत अर्धा दिवस गेला. काका शेजारी बसून बघत होते. मी झाकणी हातानं मागे ढकलून सोडून दाखवली, ती टपकन परत आली. काका म्हणाले, “हं. हिला आपल्यापेक्षा जास्ती अक्कल हाय.”

मग मी त्यांना सगळं करून दाखवलं. लाकूड मागच्या पट्टीला टेकवायचं. वाकलेली पट्टी असेल तर तिचा फुगवटा मागच्या बाजूला. दुसऱ्या बाजूनं लाकूड धरून ठेवणारा शिकंजा आवळायचा, हात पात्यापासून एक वीत लांब. तुकडा लहान असेल तर हातानं धरायचाच नाही. पातं पूर्ण वेगात आलं की मगच लाकडाला लावायचं, आणि कापून झालं की बटण सोडायचं, पण मशीन खालीच धरून ठेवायची, पातं थांबेपर्यंत. मी डावखुरी, मशीनची मूठ उजव्या हातासाठी केलेली, त्यामुळे हातावरून हात जाऊ नये म्हणून मला स्वतःलाच उभं राहायची जागा दहादा बदलून बघावी लागली. शेवटचं, पातं थांबेपर्यंत खाली धरायचं, ते सांगताना माझ्या तोंडून तुमचं वाक्य गेलं.

तुम्हाला आठवतं का, कोण जाणे. मी चौदा वर्षांची होते, तारापूरच्या कॉलनीतल्या दारांसाठी लाकूड फाडून घ्यायला तुम्ही मला पालघरच्या वखारीत घेऊन गेला होतात. मशीनवाल्यानं बटण बंद केलं, फळीचा एक छान तांबूस तुकडा पात्यापाशी पडला, आणि मी तो उचलायला वाकले. तुम्ही माझ्या हातावर असा फटका मारलात की वखारीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी रडले नाही. रडू येत होतं ते फटक्यामुळे नाही, माणसांमुळे. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही, पात्याकडे बघताय, ते अजून फिरतंय, आवाज न करता फिरतंय, आणि तुम्ही म्हणताय, “बंद केलेलं मशीन नि थांबलेलं मशीन, ही दोन वेगळी हाय. कळलं?” रात्री स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तुम्ही माझ्या ताटाशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलंत आणि जेवायला लागलात. तो हा गुण्या. आई म्हणाली, “मुलीला हे कशाला?” तुम्ही म्हणालात, “हात हायत ना तिला.”

आता त्या दिवसाचं सांगते. बंगल्यात पुढच्या रविवारी पूजा होती आणि मालकाचा मुकादम सकाळपासून आमच्या मागे लागला होता. लाकूड ओलसर होतं, चिकाचं. दोन दिवसांत मशीनच्या झाकणीत भुसा आणि चीक मिळून लगदा बसला आणि ती अडकायला लागली. खाली दाबताना मध्येच थांबायची, पट्टीवर ओरखडा उठायचा. करायला हवं होतं ते सोपं होतं. बॅटरी काढायची, ब्रशनं भुसा काढायचा, फडक्यानं चीक पुसायचा, झाकणी मोकळी झाली का बघायचं. पंधरा मिनिटांचं काम. काका जेवायला वाडीत सावलीला गेले होते. मी खाली पडलेला बांधकामाच्या तारेचा तुकडा उचलला, झाकणी मागे ओढली आणि तारेनं मुठीच्या दांड्याला बांधून टाकली. चार तुकडे कापायचे होते. चार कापून सोडणार होते. बाबा, मला माहीत होतं मी काय करतेय. मी इकडेतिकडे बघून केलं.

चार तुकडे झाले आणि मुकादमानं वरून हाक मारली, वरच्या खोलीचं माप चुकतंय म्हणून. मी टेप घेऊन वर गेले. बॅटरी मशीनमध्येच होती.

माप घेऊन जिना उतरायला लागले तेव्हा खालून पात्याचा आवाज आला. काका जेवून आले होते आणि उरलेल्या पट्ट्या कापायला लागले होते. त्यांचं अर्धं आयुष्य उघड्या पात्यांच्या मशिनींवर गेलेलं, उघडं पातं त्यांच्या डोळ्याला खटकलंच नसणार. तुकडा लहान होता, वीतभरसुद्धा नाही. शिकंजा त्यांनी लावलेला नव्हता, डाव्या हातानं दाबून धरला होता. मी जिन्याच्या मध्यावर. ओरडले असते तर ते दचकून वळले असते, चांगला कान माझ्या बाजूला नव्हता, आणि वळताना हात कुठे गेला असता ते देवाला माहीत. म्हणून मी ओरडले नाही. उतरलेही नाही. पातं लाकडातून खाली गेलं, तुकडा सुटला. काकांनी बटण सोडलं आणि सवयीनं मशीन वर घेतली. झाकणी यायला हवी होती. आली नाही. पातं उघडंच, फिरतंच होतं, आवाज मात्र मरत चाललेला. आणि काकांचा डावा हात सुटलेला तुकडा उचलायला निघाला.

मी म्हणाले, “काका. हात तिथेच.”

ओरडून नाही, पातं मंदावलं होतं म्हणून तेवढं ऐकू गेलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. ते थांबले. वळले नाहीत, हात मागे घेतला नाही, जिथे होता तिथेच राहिला, पात्यापासून दोन बोटांवर. आम्ही दोघंही पात्याकडे बघत होतो. आधी दाते दिसत नव्हते, मग दिसायला लागले, मग एकेक मोजता येईल असे झाले, मग पातं थांबलं. तेव्हा काकांनी हात मागे घेतला आणि लेंग्याला पुसला. मी खाली येऊन बॅटरी काढली.

मुकादम माझ्या मागोमाग जिना उतरला होता. त्यानं तार बघितली. म्हणाला, “म्हातारबा, हे काय करून ठेवलंय? बोटं गेली असती तर आम्ही कुणाला तोंड दाखवायचं? ताई, यांना मशीनला हात लावू देऊ नका. घरी बसवा आता.”

काकांनी तारेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी बॅटरी पिशवीत घालत होते. घालून झाली तरी घालतच राहिले. पटाशी, हातोडा, रंधा, एकेक पुसून पिशवीत भरलं आणि फाटकातून निघून गेले. मी त्यांना जाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही. मी एकटी काम करत होते. झाकणी साफ केली, ती पहिल्यासारखी टपकन बसायला लागली, आणि दर वेळी बसली की मला आत कुठेतरी लागायचं. पट्टी कापताना मुकादम येऊन म्हणायचा, “बघा, आता कसं नीट चाललंय.”

चौथ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं मनोरला गेले, तिथून पाड्यापर्यंत चालत. काका अंगणात कुणाच्या तरी नांगराचा दांडा तासत बसले होते. काकूनं कोरा चहा दिला. चहा संपेपर्यंत मी हायवेच्या गर्दीबद्दल बोलत होते. मग म्हणाले, “काका, ती तार मी बांधली होती.”

“ठावं हाय,” ते म्हणाले. तासणं थांबवलं नाही. “पीळ डाव्या हाताचा व्हता.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“मी कशाला बोलू? तार तुजी, तोंड तुजं.” दांड्यावर बोट फिरवून त्यांनी एक जागा पुन्हा तासली. “त्या मुकादमाला सांगितलं काय?”

“नाही.”

“मग आधी थयं जा. इथं चालत आलीस ती उगाच.”

मी तिथून सरळ शिरगावला गेले. रंगारी होते, फरशी बसवणारे होते, मुकादम फोनवर होता. त्याचा फोन संपेपर्यंत थांबले आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं, की गार्ड मी बांधला होता, घाईत, आणि काकांना त्याची काही कल्पना नव्हती. रंगाऱ्यांनी ब्रश थांबवले. मुकादम फोन खिशात टाकत म्हणाला, “म्हणजे मी त्या माणसाला नको ते बोललो.” मग म्हणाला, “आणि तुमच्या हातात आता मशीन कसं देऊ, ते सांगा.” मी म्हणाले, उभे राहून बघा. तो खरंच उभा राहिला. दोन दिवस, प्रत्येक कापाला. बॅटरी काढणं, झाकणी तपासणं, शिकंजा, एक वीत, पूर्ण वेग, खाली धरून थांबणं. तुमच्या त्या वखारीतल्यापेक्षा जास्त माणसं बघत होती, आणि मला ते सोसावं लागलं.

तिसऱ्या दिवशी काका आले. मुकादम स्वतः फाटकापर्यंत गेला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. काकांनी मशीनसमोर उभं राहून आधी झाकणी दोनदा मागे ढकलून सोडली, मग शिकंजा आवळला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “चल, बॅटरी घाल.” कापून झाल्यावर मशीन खाली धरून ठेवली, पातं पूर्ण थांबल्यावरही आणखी थोडा वेळ. मला वाटतं, तो वेळ माझ्यासाठी होता. पूजेच्या आदल्या दुपारी शेवटची पट्टी बसली.

इथपर्यंतचं सगळं काकांना ठाऊक आहे. हे लिहून झालं की त्यांना वाचून दाखवावं असं मनात होतं, तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाहीच, निदान त्यांच्यापर्यंत तरी. पण आता नाही दाखवणार. कारण एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही, आणि कदाचित सांगवणारही नाही. जिन्यावर मी थबकले तेव्हा मला काकांचा हात दिसलाच नव्हता, बाबा. आधी तार दिसली. आणि पहिला विचार मनात आला तो एवढाच, की मुकादम मागून येतोय, त्याला ती दिसायच्या आत सोडवता येईल का. हात मला त्यानंतर दिसला.