लानच्या हॉटेलात

४ ऑगस्ट
आज हॉटेलात एकटी जेवले! वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा. पुण्याहून इथे परदेशात लेकाकडे आलेय. निखिल नि सून गौरी ऑफिसला गेल्यावर कोथिंबीर आणायला खाली उतरले. शेजारच्या ब्लॉकखाली व्हिएतनामी हॉटेल आहे, तिथून गवती चहाचा असा काही वास आला… दारात दोनदा घुटमळले. मालकीणबाईच बाहेर आल्या. "आंटी, ईट?" म्हटलं, "ओन्ली व्हेज." तर हसल्या. "टुडे मी ऑल्सो व्हेज. फुल मून!" त्यांच्यातही पौर्णिमा-अमावास्येला शाकाहार. काय सांगू, बरं वाटलं. वाडगाभर तांदळाच्या शेवया, मश्रूमचा रस्सा, टोफू, वर मूठभर पुदिना. काड्या जमेनात, चमचा मागितला.
घरी बोलले नाही. कोथिंबीर राहिलीच.

७ ऑगस्ट
परत गेले. बाईंचं नाव लान. माझ्याहून चार वर्षांनी लहान. "हजबंड?" तिने विचारलं. "नो मोअर. थ्री इयर्स." ती म्हणाली, "मी, फाइव्ह." मग माझ्यासमोर येऊन बसली नि तांदळाच्या ओल्या, पातळ पापडात भाजी गुंडाळायला शिकवलं. पहिला फाटला. दुसरा झक्क! इतकी वर्षं घावन उलटवलेत, हात आहेच.

१० ऑगस्ट
फुटलं बिंग. दुपारी निखिलचा फोन आला तेव्हा मी लानकडेच, मागे भांड्यांचा आवाज. संध्याकाळी चिडला. "आई, वाट चुकलीस तर? निदान सांगायचंस." पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं काढली मी. मी वाट चुकेन? गौरी मान खाली घालून हसत होती.

१३ ऑगस्ट
निखिलला घेऊन गेले. ऑर्डर मी दिली!! लान त्याला म्हणाली, "युवर मदर, माय फ्रेंड." तो बघतच राहिला. येताना विचारतो, "पुण्यात कधी बाहेर जेवायची नाहीस गं?" म्हटलं, "बाबांना चालायचं नाही."

१७ ऑगस्ट
लान पुढच्या महिन्यात आठ दिवस गावी चाललीय, व्हिएतनामात ह्यूएला. म्हातारी आई आहे, नदीकाठी घर. "यू कम," म्हणाली. मी हसले. ती नाही हसली. "आय सीरियस, आंटी." संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं.

१९ ऑगस्ट
सांगून टाकलं. निखिल म्हणाला, "ओळख किती दिवसांची, आई? पंधरा! तुझं बीपी, परका देश." चूक नाही त्याचं. मलाही भीती वाटतेच की. तरी म्हटलं, "मला जायचंय." चांगलं मोठ्याने. असं याआधी कधी म्हणाले होते, आठवेना.
त्याने टॉवेल उचलला. मग, "उद्या लानशी बोलतो मी." हो नाही, नाहीही नाही.
तो आंघोळीला गेल्यावर गौरीने मला पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. व्हिसासाठी फोटो. "हसू नका, आई. असा चालत नाही."
चार फोटो झाले. चारहीत हसतेय.