भंगाळ्यांच्या साठीनंतरची वाटणी

मी, श्रीमती पुष्पाबाई तोताराम भंगाळे, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शेती व घरकाम, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, डोळ्यांना चष्मा पुरतो, आणि कोणी माझ्या मागे उभे राहून हे लिहून घेत नाही. माझी सून हेमांगी मागे उभी आहे, पण ती चहा निवतो म्हणून उभी आहे. वकीलसाहेबांनी दिलेला मसुदा एका पानाचा होता व त्यात चूक काही नव्हती; परंतु कोणाला काय द्यायचे एवढेच त्यात होते, का द्यायचे ते नव्हते. ते मी लिहिले नाही, तर माझ्यामागे नातेवाईक आपापल्या मनाने सांगत बसतील. म्हणून पाने वाढली आहेत. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले व, पुन्हा मन बदलले नाही तर, शेवटचे समजावे.

१. माझे यजमान कै. तोताराम चुडामण भंगाळे हे सन १९९३ मध्ये, वय वर्षे छप्पन्न असताना, वारले. मला मुलगा ललित व मुलगी सारिका अशी दोनच अपत्ये आहेत. दोघेही हयात आहेत. हे वाक्य वकील सवयीने घालतात. मी ते मुद्दाम, समाधानाने लिहीत आहे. कारण पुढे येईल.

२. मेहरूण येथील राहते घर, त्यातील सामानासह, ललित व हेमांगी या दोघांच्या नावे समान हिश्श्याने करावे. या घरात जेवणाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, अशी अट मी घालणार होते. अशी अट कायद्यात टिकत नाही, असे वकीलसाहेबांनी सांगितले. तेव्हा ही विनंती समजावी. विनंती मोडल्यास घर काढून घेता येणार नाही, पण मला वाईट वाटेल, हे लक्षात ठेवावे.

३. चोपडा तालुक्यातील केळीची व कापसाची जमीन, खाली कलम ५ मध्ये सांगितलेला विहिरीचा तुकडा वगळून, ललित व सारिका यांना निम्मी निम्मी. लग्नात मिळाले तेवढे पुरे, असे सारिकाला कोणी सांगू नये.

४. दिवाणखान्यातील तसबिरींविषयी जरा विस्ताराने लिहावे लागेल.

भिंतीवर माझे सासरे चुडामण, थोरले दीर पुना आणि माझे यजमान अशा तीन तसबिरी ओळीने आहेत. तिघेही साठीच्या आत गेले. यजमानांच्या अंत्यविधीच्या दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाई मंजुळाबाई अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की भंगाळ्यांचे रक्तच आखूड आहे. त्या दुःखात होत्या, पण बोलून गेल्या. ललित तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. बापाला अग्नी देऊन आला आणि ते वाक्य मनात घेऊन बसला.

मला हे कधी पटले नाही, कारण मी त्या माणसाबरोबर राहिले होते. यजमान प्रेमळ होते. पण स्वस्थ बसणे त्यांना माहीत नव्हते. मे महिन्यात पश्चिमेला ढग दिसला की हातातला घास ताटात ठेवून केळीच्या बागेकडे निघायचे, जणू वारा त्यांना विचारून सुटणार होता. जेवणाला वेळ नाही, झोपेला वेळ नाही, तोंडात सदा जर्दा. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या डोके गरगरले तरच घ्यायचे. त्यात विहिरीचा खटला. त्यांचा धाकटा भाऊ रुपचंद आणि ते यांच्या बांधावर एक विहीर होती. पाणी दोघांना पुरत होते, पण विहीर कोणाची यावरून चोपड्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखा चालल्या. तारखेच्या आदल्या दिवसापासून घरात कोणी मोठ्याने हसायचे नाही, अशी रीत पडली होती. शेवटी रुपचंद भाऊजींनी कंटाळून हक्क सोडल्याचे लिहून दिले आणि ते बायकोच्या माहेरी, सातपुड्याच्या पायथ्याशी राहायला गेले. यजमान खटला जिंकले. निकालाची नक्कल घेऊन परत येताना चोपड्याच्या स्टँडवर बाकावर बसले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात रुपचंद भाऊजींचे नाव कोणी घेईना. लग्नकार्याला बोलावणे नाही, सुतकाचा निरोप नाही.

ललित पुढे धुळ्याला राहू लागला आणि नरडाण्याच्या एका कारखान्यात चढत चढत मॅनेजर झाला. कारखाना रात्रंदिवस चालणारा, तसा याचा फोनही. सिगारेट सुटेना, जेवण उभ्याने. डॉक्टरकडे चल म्हटले की म्हणायचा, काय निघेल ते मला माहीत आहे. पन्नाशीतच केस पांढरे झाले, पाठीला पोक आला. आम्ही दोघे बाजारात गेलो असता एका भाजीवालीने त्याला बाबा म्हटले आणि मला मावशी.

सन २०२१ च्या दिवाळीत तो घरी आला. फराळ झाल्यावर त्याने पिशवीतून एक लिफाफा काढून माझ्यासमोर ठेवला. आत त्याचे मृत्युपत्र होते. सगळे हेमांगीच्या नावे, व्यवस्थित टाईप केलेले.

“माय, खाली साक्षीदार म्हणून सही कर,” तो म्हणाला.

मी विचारले की हे आताच का. त्याने भिंतीकडे पाहिले. बापाच्या तसबिरीशेजारी थोडी रिकामी जागा होती.

“या महिन्यात मला छप्पन्न पूर्ण होतायत. बाबा याच वयात गेले. मी तयारी करून ठेवतोय, एवढंच.”

हे तो इतक्या शांतपणे बोलला की मला रडूसुद्धा आले नाही. भीती वाटली. मुलगा तापाने फणफणला तर आई उशाशी बसते. पण जो चालता-बोलता असून आपली जागा ठरवून बसला आहे, त्याच्या उशाशी कसे बसायचे? मी लिफाफा परत केला आणि म्हटले की सत्त्याहत्तर वर्षांची साक्षीदार कोणता वकील घेतो. तो हसला नाही. मग मीही भिंतीकडे पाहत बसले, आणि पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की चुडामण भंगाळे यांना मुलगे तीन होते. भिंतीवर दोनच आहेत.

दुसऱ्याच दिवशी मी ललितला गाडी काढायला लावली. कुठे जायचे ते चोपडा ओलांडेपर्यंत सांगितले नाही. सांगितले तेव्हा तो म्हणाला की काका कधीचे गेले असतील. मला खात्री नव्हती. पण गाडी थांबवू दिली नाही.

रुपचंद भाऊजी ओट्यावर पत्ते खेळत होते आणि भिडूने चुकीचे पान टाकले म्हणून त्याच्यावर ओरडत होते. वय एक्क्याऐंशी. मला पाहून त्यांनी हातातले पत्ते तसेच खाली ठेवले, “वहिनी” म्हणाले, आणि बाजूला सरकून मला जागा केली. त्यांच्या सुनेने पाणी आणले, कळण्याची भाकरी व मिरचीचा ठेचा वाढला. ललित जेवत नव्हता, काकांच्या तोंडाकडे पाहत होता. तेच नाक, तेच पुढे आलेले कान. फक्त त्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, ज्या त्याच्या बापाच्या चेहऱ्यावर पडायच्या राहिल्या. त्याचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

मी भाऊजींना आखूड रक्ताची गोष्ट सांगितली. ते आता त्या भागातल्यासारखेच बोलतात. म्हणाले, “मरेलसना हिसाब बठ्ठा धरतस. मी जित्ता शे, तर माले कोनी धरत नही.” मेलेल्यांचा हिशेब सगळे धरतात आणि जिवंत माणसाला कोणी मोजत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती.

ललितने त्यांना विचारले, की तुमच्यावर कधी संकट आले नाही का. आले होते. एका वर्षी वादळात त्यांची उभी बाग आडवी झाली होती, घड कापणीला आलेले असताना. मग तुम्ही काय केले, असे त्याने विचारले.

“रडनू,” भाऊजी म्हणाले. “मंग जेवनू. मंग झोपनू. सकायमा उठीसन खोडं कापाले लागनू.”

मग ललितने भाकरी मोडली.

भाऊजी काही साधुपुरुष नाहीत, हेही नोंदवते. ठेचा प्रमाणाबाहेर खातात, पत्त्यात रडी खेळतात आणि ऐकू कमी येते ते सोयीप्रमाणे. पण तंबाखू नाही, दिवसभर पायी हिंडणे, दिवेलागणीला जेवण, आणि भांडण झाले तर ते ओट्यावरच संपते. परत निघताना मी विहिरीविषयी बोलले. त्यांनी हात हलवला. माझ्या हयातीत त्यांना कोणताही कागद नको आहे.

त्याच आठवड्यात ललितने धुळ्यात तपासणी करून घेतली. रक्तदाब बराच वर होता, साखर काठावर. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावले, की रक्ताचा वाटा असतोच, तो नाकारू नये. म्हणून तर औषध चुकवायचे नाही. पण वर्षानुवर्षांचे जागरण, तंबाखू आणि डोक्यातली धास्ती यांचा दोष बापजाद्यांच्या रक्तावर घालू नये. हे सर्व माझ्या मुलाने एका झटक्यात ऐकले, असे लिहिले तर ते खोटे होईल. सिगारेट दोनदा सोडली आणि दोनदा धरली. तिसऱ्यांदा सुटली. बढती पुण्याला मिळत होती, ती त्याने घेतली नाही. दिवसपाळीचे साधे काम मागून घेतले. कारखान्यातले लोक म्हणाले, साहेब उतरले. साहेब संध्याकाळी घरी जेवू लागले. रविवारी इथे येतो तेव्हा सकाळी माझ्याबरोबर मेहरूण तलावाला फेरी मारतो. सुरुवातीला मला त्याच्यासाठी थांबावे लागे. आता तो माझ्यासाठी थांबतो.

गेल्या महिन्यात त्याला साठ वर्षे पूर्ण झाली. अंगणात वरण-बट्टी केली. रुपचंद भाऊजी एसटीने आले, मंजुळाबाई मुलाबरोबर आल्या. त्या दोघांची भेट बत्तीस वर्षांनी झाली. मंजुळाबाईंनी भाऊजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळले, ललितला न्याहाळले, आणि निकाल दिला की रुपचंद आईच्या वळणावर गेला असावा. भाऊजींना ते ऐकू आले नाही, किंवा आले. त्यांनी आणखी एक बट्टी मागितली.

तरी तसबिरींची व्यवस्था अशी: तिन्ही तसबिरी ललितने जपाव्यात. शेजारच्या जागी रुपचंद भाऊजींचा त्या दिवशीचा फोटो लावावा, ज्यात त्यांच्या मिशीला वरण लागलेले आहे. त्याला हार घालू नये.

५. विहीर व तिच्या भोवतीचा जमिनीचा तुकडा, जो माझ्या यजमानांनी खटल्यात जिंकला, तो रुपचंद चुडामण भंगाळे यांना, व ते नसल्यास त्यांचा मुलगा योगेंद्र याला द्यावा. ललित व सारिका यांची याला संमती आहे. दोघांनी माझ्यासमोर सांगितले. यजमानांना हे आवडले नसते, हे मला माहीत आहे. परंतु या विहिरीपायी त्यांची झोप गेली, ते जागरण माझ्या मुलांच्या वाट्याला वारशाने जाऊ नये.

६. यजमानांची जर्द्याची चांदीची डबी सोनाराकडे देऊन आटवावी व सारिकाची मुलगी कामिनी हिच्यासाठी पैंजण करावेत. कमी पडेल ती चांदी सारिकाने घालावी.

७. सासूबाईंचे पितळी घंगाळ, ज्यावर मंजुळाबाई लग्नापासून हक्क सांगत आल्या आहेत, ते त्यांना द्यावे. मी हरले असा त्याचा अर्थ नाही. ते घासणे आता मला होत नाही, आणि त्यांनाही होणार नाही, याची मला कल्पना आहे.

८. माझे चालण्याचे बूट कोणाला देण्यासारखे राहणार नाहीत, अशी माझी इच्छा व प्रयत्न आहे. चहात मी साखर जास्त घेते, यावरून माझ्यामागे कोणी निष्कर्ष काढू नयेत.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझा मुलगा ललित यास व्यवस्थापक नेमते. वकीलसाहेबांनी सुचवले होते, की मुलाचे वयही साठ झाले आहे, तर नातवंडांपैकी कोणाला नेमावे, म्हणजे पुढची काळजी नको. मी नको म्हटले. काल हे कलम मी ललितला वाचून दाखवले. त्याला सांगितले की शेत, विहीर, घर, सगळ्यांची नावे लावायची, तलाठ्याकडे हेलपाटे घालायचे, काम तुलाच करावे लागेल.

त्याने कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि परत दिला.

“करीन की,” तो म्हणाला. “पण तू सावकाश जा, माय. मला काही घाई नाही.”

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि खालील साक्षीदारांसमोर, सकाळी तलावाची फेरी आटोपल्यावर, मी त्यावर सही करीत आहे.

ठिकाण : मेहरूण, जळगाव
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

(सही) पुष्पाबाई तोताराम भंगाळे

श्रीमती पुष्पाबाई यांनी आमच्या डोळ्यांदेखत, हात न थरथरता सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. या मिळकतीत आम्हा दोघांचा काहीही हितसंबंध नाही.

साक्षीदार :
१. रतिलाल नथ्थू झोपे, वय ६६, मेहरूण, जळगाव (सही)
२. तेजस दगडू सरोदे, वय ३४, मेहरूण, जळगाव (सही)